कन्याकुमारी की बारा तालुके? मदतनिधीसाठी सायकल मोहीम काढण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय एक्केचाळीस, कागल तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक. रविवारी तीस-चाळीस किलोमीटर सायकल होते, अधूनमधून पन्हाळाही. शेजारच्या घरातले काका डायलिसिसवर आहेत आणि त्यांची ओढाताण रोज डोळ्यांसमोर आहे. म्हणून येत्या जानेवारीत कोल्हापूर ते कन्याकुमारी आठ दिवसांत सायकलने जायचं आणि डायलिसिसच्या गरीब रुग्णांसाठी पाच लाख रुपये उभे करायचे, असं मनात आहे. हे जमेल का, तयारी कशी करायची, पैसे कसे मागायचे आणि मोहीम अर्ध्यावर सुटली तर दिलेल्या पैशांचं काय, हे तुम्हाला हवंय. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये मी बरीच वर्षं आहे आणि अशा काही मोहिमांचे हिशेबही सांभाळलेत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पायांचं आधी बोलू, कारण ते सोपं आहे. कन्याकुमारी सुमारे १३०० किलोमीटर. आठ दिवसांत म्हणजे रोज १६० च्या वर, तेही सलग. आज ऑगस्ट आहे, हातात पाच महिने आहेत. चाळीसवरून इथपर्यंत पोचणं अशक्य नाही, पण दहा-अकरा दिवस धरले तर ते माणसासारखं होईल. आठ दिवसांत केलंत तर रोज संध्याकाळी जेवून झोपण्यापलीकडे काही उरणार नाही. फोन उचलणं, चार ओळी लिहिणं, कुणाला भेटणं, काहीच नाही. आणि पैसे तर त्याच गोष्टींनी येतात.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. कन्याकुमारी तुमची स्वतःची हौस असेल तर जरूर करा, मी नकाशा काढून देतो. पण निधी हा हेतू असेल तर कन्याकुमारीचं नाव काढून टाका आणि आपल्याच जिल्ह्याचे बारा तालुके फिरा. बंगळूरच्या पुढे कृष्णगिरी, सेलम, मदुराई या महामार्गावर तुम्हाला ओळखणारं कोणी नाही आणि तुम्हाला पैसे देणारी माणसं तो रस्ता ओळखत नाहीत. ती घरी बसून फोटो बघतील, 'लाइक'चा अंगठा दाबतील आणि विसरतील. गडहिंग्लजच्या चौकात मात्र तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा मामा उभा असतो. किलोमीटर जास्त म्हणून पैसे जास्त, असा हिशेब मी एकाही मोहिमेत जमलेला पाहिलेला नाही. लोक तुमच्यावर आणि तुमच्या कारणावर पैसे देतात.

आता त्या कारणाकडे येतो. 'डायलिसिसच्या गरीब रुग्णांसाठी' हे फार मोघम आहे. डायलिसिस साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास. शासकीय योजनांतून प्रत्यक्ष उपचाराचा खर्च पुष्कळ ठिकाणी भागतो. मोडतो तो माणूस येण्या-जाण्याने. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला सवलत आहे, पण पहाटेची एसटी चुकली की वडापचे, म्हणजे खासगी जीपचे पैसे, सोबत आलेल्या बायकोचं किंवा मुलाचं तिकीट, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत रिक्षा, दोघांचा नाष्टा-जेवण आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. हे आठवड्यात तीनदा, महिन्यात बारा-तेरा वेळा, वर्षानुवर्षं. चंदगड ते कोल्हापूर हे अंतर शंभराच्या वर आहे. उपचार जवळच्या गावात मिळाला नाही, तर रुग्णाला या अंतराची ये-जा एका दिवसात करावी लागते, आणि परतीच्या वेळी अंगात त्राण नसतं.

मला वाटतं तुमच्या मोहिमेचा गाभा इथे आहे. तुम्ही जो रस्ता सायकलने कापणार तोच रस्ता रुग्ण आठवड्यातून तीनदा कापतात. मोहिमेचं कारण आणि मोहिमेचा रस्ता एकच झाला की मागायला वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. कन्याकुमारीच्या रस्त्याला हे बळ कुठून येणार? निधी कशासाठी तेही पक्कं होतं: रुग्ण आणि सोबती यांचा प्रवास आणि त्या दिवसाचं जेवण. देणाऱ्याला 'एका रुग्णाचा एका महिन्याचा प्रवास' असा ठोस आकडा सांगता येतो. तो आकडा मात्र अंदाजाने ठरवू नका. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. डायलिसिस विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोला. दहा-बारा कुटुंबांचा एका आठवड्याचा खरा खर्च वहीत मांडा, नावं न लिहिता. शिक्षक माणूस तुम्ही, हे काम तुम्हाला उत्तम जमेल. आणि एक कळकळीची विनंती: रुग्णांचे फोटो काढून कुठेही टाकू नका, त्यांनी हो म्हटलं तरी. मदतीची गरज असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

पैसा स्वतःच्या खात्यात घेऊ नका. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण नियम आणि विश्वास दोन्ही त्या बाजूने नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली, नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. आपली गणेश मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे आधीच नोंदलेली, रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था निवडणं आणि सगळे पैसे थेट तिच्या बँक खात्यात जाऊ देणं. तुमच्या हाताला पैसा लागूच नये. पत्रकावर छापायचा क्यूआर कोडसुद्धा संस्थेचाच.

संस्था निवडताना संकोच न करता कागद मागा. नोंदणी प्रमाणपत्र, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर सवलतीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ८०जी म्हणतात. चांगली संस्था हे कागद आनंदाने देते. जिथे 'बघू, देऊ नंतर' ऐकू येतं तिथून नमस्कार करून बाहेर पडा. मग संस्थेकडून एक पत्र लिहून घ्या की या मोहिमेतून आलेला पैसा स्वतंत्र खात्यावर किंवा निदान स्वतंत्र खतावणीवर राहील, फक्त रुग्णांच्या प्रवासावर आणि जेवणावर खर्च होईल आणि त्याचा हिशेब अमुक तारखेला मिळेल. हे पत्र नसेल तर तुमचे पाच लाख संस्थेच्या एकूण खर्चात विरघळतील आणि देणाऱ्याने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

देणाऱ्यांना तीन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ८०जीची सवलत मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मुळातच नाही, तेव्हा तिचं आमिष सरसकट दाखवू नका. आणि पावतीसाठी पॅन लागतो. तिकडे अमेरिकेत किंवा इंग्लंडात असलेल्या माजी विद्यार्थ्यांबद्दल विशेष काळजी घ्या. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी परदेशी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. ज्यांना नोंदणी आहे त्यांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते. भावनेच्या भरात आलेल्या शंभर डॉलरमुळे संस्था अडचणीत येऊ शकते.

मोहिमेचा खर्च हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी हट्टी आहे. तुमचं खाणं, राहणं, सोबतच्या गाडीचं डिझेल, टी-शर्ट, फलक यांतला एक रुपयाही देणगीतून जाता कामा नये. तुमचा खर्च तुम्ही करा किंवा एखादा ओळखीचा उद्योजक फक्त खर्चापुरता प्रायोजक घ्या आणि तसं जाहीर लिहा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली बिली स्टार नावाच्या तरुणाने पॅन-मास चॅलेंज ही सायकल फेरी सुरू केली. कर्करोगावर काम करणाऱ्या डेना-फार्बर संस्थेसाठी ती दरवर्षी निघते आणि स्वारांनी जमवलेला सगळा पैसा रुग्णालयाकडे जातो, आयोजनाचा खर्च इतर मार्गांनी भागवला जातो. इतकी वर्षं लोक तिला भरभरून देत आले, त्यामागे हा नियम मोठा आहे असं मला वाटतं. 'तुमचे शंभर म्हणजे रुग्णाचे शंभर' हे एक वाक्य तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकलात की निम्मं काम झालं.

मागायचं कधी? हे कोल्हापूर आहे, इथे पैशाला स्वतःचं वेळापत्रक आहे. दूध संस्थांचं बिल दर दहा दिवसांनी होतं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे. प्रत्यक्षात मागे-पुढे होतं, पण डिसेंबर-जानेवारीत शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळायला लागतो. जूनमध्ये पेरणी आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांनी हैराण झालेल्या माणसाकडे देणगी मागणं बरोबर नाही. तेव्हा जानेवारी ही तुमची निवड चांगली आहे, ती बदलू नका. गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला भेटून बिलाच्या दिवशी संस्थेत फलक लावायची परवानगी मागा. पेठांतल्या तालमींनाही भेटा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालमींची पोरं रात्रंदिवस राबली, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलंय. त्यांच्याकडे पैशांपेक्षा माणसं मागा, पैसे मागून येतात.

पहिली देणगी तुमची स्वतःची असू द्या आणि ती आकड्यासह जाहीर करा. मग पहिली वीस माणसं फोन करून गाठा, संदेश पाठवून नाही. भाऊ, मेव्हणे, सहकारी शिक्षक, बॅचमेट. प्रत्येकाला नेमका आकडा सांगून मागा. 'जमेल ते द्या' म्हटलं की माणूस अवघडतो आणि एकशे एक देतो. 'एका रुग्णाचा पंधरा दिवसांचा प्रवास तू घे' म्हटलं की तो विचार करून हो किंवा नाही म्हणतो, आणि दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची आहेत. ही वीस माणसं झाल्याशिवाय गटांवर आवाहन टाकू नका. शून्यावर उभी असलेली मोहीम पाहून अनोळखी माणूस पुढे येत नाही. माझा अनुभव असा की बराचसा पैसा निघण्याच्या आधी आणि परतल्यानंतरच्या आठवड्यात येतो. प्रवासाच्या दिवसांत त्या मानाने कमी. परतल्यावर थकून झोपायचं नसतं, तो फोनचा आठवडा असतो. शाळेला तशी रजा आधीच टाका.

शाळेतल्या मुलांकडून पैसे गोळा करू नका. त्यांच्या घरी त्या दिवशी काय परिस्थिती असेल ते आपल्याला माहीत नसतं. मुलांना वेगळं काम द्या. मूत्रपिंड निकामी होण्यामागे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही सर्वांत मोठी कारणं आहेत आणि दोन्ही वर्षानुवर्षं न कळता राहतात. प्रत्येक मुलाने घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायला लावली, तर त्यातून जे वाचेल ते पाच लाखांत मोजता येणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या मुक्कामी तिथल्या डॉक्टरांच्या मदतीने तपासणीचं टेबल लावा. लोक त्यासाठी थांबतात, मग ऐकतात, मग देतात.

आता रस्ता. बारा तालुक्यांचा फेरा, वाट कशी निवडाल त्यावर साडेतीनशे ते सव्वाचारशे किलोमीटर होतो. तीन दिवसांत कुणीही तगडा स्वार करेल, तुम्ही पाच दिवस घ्या. पहिला दिवस कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड, इचलकरंजी आणि मुक्काम घरी कागलला. सगळं सपाट, आणि माणसांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजमार्गे चंदगड. गडहिंग्लजपर्यंत निपाणी-संकेश्वरचा महामार्ग टाळून आतून सेनापती कापशीकडची वाट धरता आली तर बघा. तिसऱ्या दिवशी आजरा, गारगोटी आणि राधानगरी. चौथा दिवस सगळ्यांत कठीण: राधानगरीहून गगनबावडा आणि तिथून मलकापूर. चढ-उतार संपत नाहीत आणि वस्ती विरळ. पाचव्या दिवशी मलकापूर, पन्हाळा आणि दुपारपर्यंत कोल्हापूर. पन्हाळा शेवटी ठेवण्यामागे हेतू आहे. वाघबीळपासूनचा चढ शहरातल्या सायकलवाल्यांच्या ओळखीचा, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पन्नास-शंभर जण तुमच्याबरोबर चढतील. त्यांच्याकडून सहभागाची रक्कम ठरवून थेट संस्थेकडे भरून घ्या.

दररोज उजाडल्यावर निघून दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोचा. संध्याकाळ सभेची, भेटींची. अंधारात सायकल चालवायची नाही, याला अपवाद नाही. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम भरात. उसाने भरलेले ट्रॅक्टर, मागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बैलगाड्यांचं तेच. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांडीवर चाक गेलं तर सायकल हातात राहत नाही, आणि दवाने ओला झालेला पाला तर तेलासारखा घसरतो. ट्रॉलीच्या अगदी मागे राहू नका, ओलांडताना चालकाने तुम्हाला पाहिलंय याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात गवे, आजरा-चंदगडकडे हत्ती. सूर्य उगवून थोडं वर आल्याशिवाय आणि मावळल्यानंतर त्या रस्त्यांवर असू नये. सकाळी नऊपर्यंत मागचा लाल दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवा. सातारा-कागल महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्याने तिथले वळणरस्ते आणि धूळ हा वेगळा ताप आहे, शक्य तितका कमी वेळ त्यावर घालवा.

तयारीला आजच सुरुवात करा, पण आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि ईसीजी. चाळिशीनंतर हे ऐच्छिक नाही. पावसाळा आहे म्हणून थांबू नका, मडगार्ड लावा आणि आठवड्यात तीन दिवस तास-दीड तास चालवा. रविवारचं अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवत न्या आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. पाय त्या आठवड्यात तयार होतात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की गगनबावडा आणि रत्नागिरीच्या दिशेला जाऊच नका, परतीचा रस्ता बंद होऊ शकतो. सप्टेंबरअखेरीस नृसिंहवाडीला जाऊन परत, म्हणजे नव्वदच्या आसपास, आरामात व्हायला हवं. ऑक्टोबरात गगनबावड्याला जाऊन परत. नोव्हेंबरपासून शनिवार-रविवार सलग दोन दिवस चालवा, कारण तुमची परीक्षा एका लांब दिवसात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसण्यात आहे. शनिवारी ऐंशी आणि रविवारी सत्तर हे एका दिवसातल्या दीडशेपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची सायकल फेरी, करून बघा. साडेतेरा तासांची मुदत असते, वाटेतल्या नियंत्रण केंद्रांवर कार्डावर नोंद घ्यायची असते आणि ती शर्यत नसते. ती वेळेत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवता येईल अशा अवस्थेत संपली, तर पाच दिवसांच्या फेऱ्याची काळजी सोडा. निघण्याआधीचे दहा दिवस सायकल अगदी थोडी. त्या दिवसांत अपुरी तयारी भरून काढायला जाऊ नका.

वेगाचा एकच नियम: बोलता आलं पाहिजे. चढावर बोलणं तुटत असेल तर गिअर हलका करा. जड गिअर रेटण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि गुडघे त्यानेच जातात. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पाच-पाच मिलिमीटरने बदला, एकदम नाही. हातांना मुंग्या येत असतील तर भार सगळा हँडलवर येतोय, सीटची पुढची-मागची जागा तपासा. कागलात किंवा कोल्हापुरात सायकल नीट बसवून देणारा कारागीर शोधा आणि त्याला पैसे देताना घासाघीस करू नका.

नवी महागडी सायकल घेऊ नका. तुमची हायब्रिड सायकल असेल तर तीच चालेल. मागे मोठ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं असू द्या, टायर २८ ते ३५ मिलिमीटरचे, दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं साहित्य, साखळी तोडण्या-जोडण्याचं हत्यार. हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट आलंच. पॅड असलेल्या चांगल्या दोन चड्ड्या घ्या, त्यांच्या आत दुसरं काही घालायचं नाही, रोज धुऊन वाळवायच्या. मांडीच्या घर्षणाच्या जागी रोज निघताना पेट्रोलियम जेली. सीटवरच्या जखमेने थांबलेली माणसं मी पाय थकून थांबलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

खाण्याचं शास्त्र आहे, पण पदार्थ आपलेच पुरतात. लांब दिवशी ताशी ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम येतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, पोहे. भूक लागण्याची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडं. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात जास्त, आणि त्यात मीठ-साखर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते तहानेपेक्षा घातक असतं. ओआरएसची पुडी एक लिटरला एक, ग्लासभर पाण्यात नाही. गुऱ्हाळावर थांबून ताजा रस जरूर घ्या, बर्फाशिवाय. मुक्कामाच्या गावी लोक प्रेमाने तांबडा-पांढरा रस्सा करतील. तो शेवटच्या दिवशी कोल्हापुरात घ्या. मधल्या रात्री भाकरी, भात, आमटी, दही. यजमानांना हे आधीच फोन करून सांगितलं तर कुणी रागावत नाही.

सोबत एक गाडी हवी, पण ती सतत मागे रांगत चालवू नका, त्याने मागची वाहतूक तुंबते आणि ओव्हरटेकचा धोका वाढतो. दहा-पंधरा किलोमीटर पुढे जाऊन थांबत राहिलेली गाडी जास्त उपयोगी. चालक जागरण न झालेला असावा आणि त्याच्याकडे प्रत्येक टप्प्यावरच्या ग्रामीण रुग्णालयाचे नंबर लिहून असावेत. गगनबावडा ते मलकापूर या पट्ट्यात मोबाइलवर विसंबू नका, भेटीच्या जागा आणि वेळा आधी ठरवा. मोहिमेच्या काळापुरता अपघात विमा स्वतःचा आणि चालकाचाही काढा.

हिशेबाची तारीख आत्ताच जाहीर करा. जागतिक मूत्रपिंड दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, तोच धरा. त्या दिवशी संस्थेकडून किती जमा, किती रुग्णांना किती महिने प्रवास मिळाला, किती शिल्लक, हे एका पानावर, प्रत्येक देणगीदाराला. पन्नास रुपये देणाऱ्यालाही तेच पान.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, अर्ध्यावर थांबावं लागलं तर. पैसे परत करायचे नाहीत, ते रुग्णांचे झाले. पण हे आधी सांगितलेलं असायला हवं, म्हणून आवाहनातच लिहा की देणगी प्रवासासाठी आहे आणि फेरा पूर्ण झाला किंवा नाही झाला तरी ती त्याच कामी जाईल. कुणी किलोमीटरमागे रुपया असं कबूल केलं असेल तर जेवढे किलोमीटर झाले तेवढेच मागा, पूर्ण रकमेचा आग्रह धरू नका. थांबण्याचा निर्णय कोण घेणार हेही निघण्याआधी ठरवा. तो तुमच्या एकट्याकडे नको. गाडीतला सोबती आणि एक डॉक्टर, या दोघांपैकी कुणीही बस म्हटलं की बस. त्याच संध्याकाळी त्या पहिल्या वीस जणांना स्वतः फोन करा आणि राहिलेल्या गावांतल्या यजमानांनाही. तपासणीची टेबलं मात्र ठरल्या दिवशी लागू द्या, त्यांना सायकलची गरज नाही, आणि शक्य असेल तर गाडीत बसून त्या गावांना पोचा.